अडीअडचणीचं गाणं

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार. (साष्टांग घालायचा विचार होता, पण आमच्या स्टुडिओत एक टेबल, एक मायक्रोफोन आणि मी एवढं मावल्यावर जेमतेम वाकण्यापुरती जागा उरते. राहिलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झाल्याचं आईकडून कळलं. आता तिला सगळं स्वच्छ दिसू लागलं आहे, तेव्हा तुम्ही जरा जपून राहा.

पत्रास कारण की, तुमच्या चष्म्याच्या दुकानातली काउंटरमागची ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही. वर्षापूर्वी तुम्ही जेवता जेवता घसा खाकरून (दोनदा बारीक, मग एकदा मोठ्यानं, एवढं ऐकलं की उपदेश येतोय हे घरातल्या मांजरालाही कळतं) मला बजावलं होतंत की रेडिओवाल्यांना तोंड असतं, कान नसतात. वर्षभर हौस भागवून घे, तोवर नोकरी कायम झाली नाही तर मुकाट्यानं दुकानात ये. आईनं लगेच मान डोलावली. ती मुदत येत्या सोमवारी संपते. आणि मामा, मी जिंकले. दर शनिवारी सकाळी नऊ ते दहा, इथल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम, आणि तो करणार तुमची भाची. फाटकावरचा पहारेकरी, जो वर्षभर मला रोज ‘कुणाकडे जायचंय’ विचारायचा, तो काल उठून उभा राहिला. (पाय आखडला होता म्हणून, असं तो नंतर म्हणाला. पण उभा राहिला.)

आता हे घडलं कसं ते सविस्तर सांगते, कारण आई तुम्हाला अर्धवट सांगेल आणि तेही चुकीचं अर्ध. आमच्या केंद्रात एक यंत्र आहे. रेडिओवर सलग पंधरा सेकंद शांतता झाली, की इथली माणसं एकतर मेली किंवा पळाली असं ते धरून चालतं आणि आपलं आपण एक गाणं लावून मोकळं होतं. त्याला सगळे अडीअडचणीचं गाणं म्हणतात. कुणा पुरुषाचा आवाज, सोबत फक्त पेटी, नदीकाठी होडीची वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं आहे. कोण गातंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे म्हातारे तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही मौनीबाबा म्हणतो, त्यांना ठाऊक असावं, पण ते दिवसाला चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन ‘हात नको’ हे असतात. माझ्याआधी इतक्या वर्षांत ते यंत्र दोनदाच बोललं होतं आणि दोन्ही वेळा दोष उंदराचा होता. मी आल्यापासून ते सात वेळा बोललं.

पहिली वेळ तर पहिल्याच दिवशी आली. मोठ्या झोकात निवेदन केलं, गाणं लावलं, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, मान डोलतेय. गाणं काय सुरेख वाजत होतं म्हणून सांगू. फक्त ते माझ्या एकटीच्या कानात वाजत होतं, कारण ते बाहेर सोडण्याची कळ मी वर सरकवलीच नव्हती. सारं शहर शांत, आणि काचेपलीकडून मौनीबाबा मला बघताहेत, मी डोलतेच आहे. दुसऱ्यांदा घोळ केला तो एका दाताच्या डॉक्टरांनी. क्लॅरिनेट फार गोड वाजवतात म्हणून मी त्यांना मुलाखतीला बोलावलं. पण ज्यानं जन्मभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून प्रश्न विचारले, त्याच्यावर उत्तर द्यायची पाळी आली तेव्हा तो नुसती मान हलवू लागला. मीही भारावून त्यांच्याकडे बघत बसले. पंधरा सेकंद भारावणं रेडिओला परवडत नाही. पुढच्या चार वेळांचं वर्णन करत नाही. एकदा मला उचकी लागली होती एवढंच सांगते.

सातव्या वेळेनं मात्र माझं नशीब काढलं. इथल्या बँडचे म्हातारे मास्तर वारले. पन्नास वर्षं त्यांनी या शहरातल्या पोरांना वाजवायला शिकवलं होतं, मला खरंच वाईट वाटलं, आणि त्या भरात मी जाहीर केलं की आता आपण सर्वजण एक मिनिट शांतता पाळू. मामा, रेडिओवर. मी उभी राहिले, डोळ्यांत पाणी, आणि बरोबर सोळाव्या सेकंदाला होडीची वाट बघणारा माणूस गायला लागला. थांबवायला धावले, तर मौनीबाबांनी ‘हात नको’ म्हटलं, आणि गाणं पुरं वाजलं. संपताक्षणी मास्तरांच्या बायकोचा फोन आला. मी आधीच माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, “पोरी, यांना शांतता कधीच आवडली नाही. तू फार बरं केलंस. कोण गं गात होतं ते?”

मग पत्रं येऊ लागली. शिंप्यांची, बसड्रायव्हरांची, शाळेतल्या बाईंची. एकूण एकतीस, आणि सगळ्यांत प्रश्न तोच, की गाणारा कोण. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या एका हातात माझ्या सात शांततांची यादी होती आणि दुसऱ्या हातात ही पत्रं. बराच वेळ ते दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत राहिले आणि शेवटी पत्रं जड भरली. म्हणाले की लोकांना आपल्याच गल्लीतला गळा ऐकायचाय हे तुला चुकून का होईना कळलंय, तेव्हा कर कार्यक्रम. नेमणुकीचं पत्र मी उशीखाली ठेवते. मामा, आजवर मला कुणी ‘तुला कळलंय’ असं म्हटलं नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. असो. मामीला नमस्कार.

आपली भाची, निवेदिका (कायम)

ता.क. कंसातला ‘कायम’ जरा घाईनं लिहिला गेला. नेमणुकीच्या पत्रात खाली एक ओळ आहे, की पहिल्या कार्यक्रमात, म्हणजे येत्या शनिवारी, तो गायक स्वतः येऊन गायला पाहिजे. नाही आला तर सोमवारी मी तुमच्या काउंटरमागे असेन. खुर्ची तूर्त कुणाला देऊ नका.

ता.क. दुसरा. गायक सापडला आहे. ते गाणं सात वेळा लागलं, पण प्रत्येक वेळी मी धावपळीत नाहीतर बोलणी खाण्यात गुंतलेली असल्यानं ते धड ऐकलंच नव्हतं. परवा नीट बसून ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी तो माणूस घसा खाकरतो. दोनदा बारीक, मग एकदा मोठ्यानं. मी मौनीबाबांकडे गेले आणि त्यांनी आठवड्याचे शब्द एकदम खर्च केले. बत्तीस वर्षांपूर्वी, तुम्ही इथं राहत होतात तेव्हा, ही फीत आवाजाच्या चाचणीसाठी आली. समितीनं नापास करून खेदाचं कार्ड पाठवलं. फीत फेकून द्यायचं काम मौनीबाबांकडे होतं. त्यांनी ती फेकायच्या आधी ऐकली. तेव्हापासून यंत्रं तीन बदलली, गाणं त्यांनी बदलू दिलं नाही. विचारलं का, तर म्हणाले, “चांगलं होतं.” तेव्हा कान नसतात हे तुमचं म्हणणं निदान एका माणसापुरतं मागे घ्या.

ता.क. शेवटचा. मामीला फोन केला होता. ते कार्ड तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात अजून आहे हे तिला ऑपरेशनच्या आधीही दिसत होतं. पेटी तिनं पुसून ठेवली आहे. शनिवारी सकाळच्या पहिल्या बसनं निघा, नऊला दहा कमी असताना फाटकापाशी या, पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय. आणि नाहीच आलात, तर मी काही बोलणार नाही. मायक्रोफोन सुरू करून पंधरा सेकंद नुसती बसून राहीन. माझी नोकरी जाईल, पण मामा, तुम्ही गाणारच.