भूमिदेवाला दाखवलेला बक्षीसपात्र सिनेमा

चि. बुन-हाईस,

आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझं विजेच्या सामानाचं दुकान, दोन्ही बरं चाललं असेल असं धरून लिहितो. (उलटं असेल तर वाचताना दुरुस्त करून घे.) चि. सौ. बी-चूने पाठवलेल्या मुळ्याच्या वड्या पोचल्या आणि संपल्याही. मी ठणठणीत आहे. तुझी वहिनीही ठणठणीत आहे, जरा जास्तच, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

गल्लीच्या टोकाचे निवृत्त हेडमास्तर ल्याओ तुला आठवत असतील. मान ताठ, विजार इस्त्रीची, केस काळेभोर (रंगवलेले, मी न्हाव्याकडून खात्री करून घेतली आहे). बायको गेल्यापासून या गृहस्थांनी संकल्प सोडलाय की जगात बक्षीस मिळालेला प्रत्येक सिनेमा मरायच्या आत बघायचा. बघा बापडे, आमचं काय जातंय? पण यांनी गल्लीतल्या बायकांनाही आमंत्रणं दिली. बाकीच्या आठवड्याभरात गळल्या, तुझी वहिनी तेवढी टिकली. रोज दुपारची जेवणं उरकली की केसांवर कंगवा फिरवायचा, ती लग्नातली शाल घ्यायची (आपल्या तैनानच्या उन्हाळ्यात शाल! सांग, माणसाने काय समजायचं?) आणि निघायचं. परत येते ती डोळे ओले करून. उभ्या जन्मात माझ्या कुठल्या गोष्टीने त्या बाईच्या डोळ्यात टिपूस आलं नाही, आणि या रंगवलेल्या केसांच्या माणसाकडे रोज पाझर फुटतो!

एकदा धीर करून विचारलं, काय होतं आज? तर म्हणाली, “तुम्हाला नाही कळायचं. फार शांत होता.” मी म्हटलं, मग मीही आणतो बक्षिसाचे सिनेमे, इथेच बसू दोघं. त्यावर म्हणाली, “नको हो. दुपारचा या घरात जीव नकोसा होतो.”

माझी शाळा चौथीत सुटली, पण जिद्द सुटलेली नाही. मी वाचनालयातून सिनेमाच्या चकत्या आणल्या आणि एकटाच बघायला बसलो. पहिल्या सिनेमात एक म्हातारा पेअर सोलत होता. मी शेजारचा पाण्याचा पंप दुरुस्त करून आलो, तरी सोलतच होता. दुसऱ्यात पेअरही नव्हता.

मग डोक्यात आलं, यंदा भूमिदेवाच्या वाढदिवसाला देवापुढे सिनेमा दाखवायचा मान माझ्याकडे आहे. देवळासमोर पडदा लागला की सगळी गल्ली येते, आणि यजमानाची बायको यजमानाशेजारीच बसते, हा रिवाज ल्याओंनाही मोडता येणार नाही. दरसालचा तलवारबाजीचा सिनेमा रद्द करून बक्षीसपात्रच दाखवायचं मी ठरवलं. अर्थात देवाला विचारून. कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले, तर दोन्ही सपाट पोटं वर करून पडले, म्हणजे देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. पुजारीण अ-सुई म्हणाली, “दादा, देव हसला म्हणजे हो म्हणाला असं नाही.” मी म्हटलं, अगं, खूश असल्याशिवाय कुणी हसतं का?

बुन-हाई, पडद्यावर एक बाई बंदरावर बोटीची वाट बघत होती. बोट काही येईना. पोरं उठली, मग आयांचं “दूध उतू गेलं असेल” सुरू झालं. कलिंगडाच्या बिया विकणाराही गाडी घेऊन गेला. पुढच्या रांगेत देवासाठी राखलेल्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या शेवटपर्यंत टिकल्या. त्यांच्यामागे मी, शेजारी तुझी वहिनी, तिच्या पलीकडे ल्याओ (ते कडेला बसतील असा माझा अंदाज होता). पाहतो तर मास्तर तोंड उघडून घोरताहेत, आणि घामाबरोबर केसांचा काळा रंग कानामागून सदऱ्यावर उतरतोय. मनाला फार बरं वाटलं.

तेवढ्यात तुझ्या वहिनीने हातातला पंखा थांबवून मोठ्ठी जांभई दिली, आणि डोळे ओले! तेच रोजचे डोळे! मी म्हटलं, रोज जांभयाच देतेस?

“मग काय रडते? दोन मिनिटांत डोळा लागतो माझा. त्यांच्याकडे गारव्याचं यंत्र आहे, शाल घेऊन झोपावं लागतं इतकं गार. आपल्याकडे काय आहे? तुम्ही.”

असं म्हणून तिने पुन्हा पंखा हलवायला घेतला. तेव्हा लक्षात आलं की वारा मघापासून माझ्याच अंगावर येत होता.

बोट आली की नाही, देव जाणे. तो होता शेवटपर्यंत.

तुझा दादा,
बुन-खिम

ता. क. तू दुकानातलं गारव्याचं यंत्र देत होतास तेव्हा ‘त्या हवेने हाडं दुखतात’ असं मी म्हणालो होतो. हाडांचं मी पाहून घेईन. यंत्र लवकर पाठव.

ता. क. दुसरा: यंत्र थोरलं पाठव. आपल्याकडे यंत्र येतंय कळल्यावर तुझ्या वहिनीने ल्याओंनाही सिनेमाला बोलावलंय. बायको गेल्यापासून त्यांना म्हणे एकट्याने बघवत नाही. येऊ देत. मधल्या खुर्चीवर मी बसेन.