बाटलीचं सर्व्हिसिंग

३ मे, सकाळ
वहीबाई, फार उशिरा लिहितोय, माफी असावी. थंडीपासून एक अक्षर नाही. आधी चष्मा सापडेना, चष्मा सापडला तेव्हा पेन सापडेना. आता रोज लिहिणार.

नातीचं लग्न वीस तारखेला. तिच्या जन्माच्या वेळी मी वाइनची एक बाटली घेऊन ठेवली, ती त्या दिवशी उघडायची. सगळ्या घराला माहीत आहे. नातीच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही मी सांगून ठेवलंय. ते मोठ्या हॉटेलात वाइन पारखायच्या कामावर होते. ऐकून खुर्चीत सरसावून बसले.

आणि आज जावई एक मशीन घेऊन आला. वर बाटली ठेवायची, बटण दाबायचं, आठ मिनिटांत वाइन आठ वर्षं जुनी. मी काही बोललो नाही. जेवण संपेपर्यंत मी दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नाही, असं ही म्हणते.

४ मे
झोप नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. काटे पुढे सरकवले म्हणून संध्याकाळ होत नाही. एवढं जावयाला कळू नये? इंजिनिअर आहे.

माझी बाटली स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या फळीवर, उबेला. गारठ्यात घड्याळाचं तेल घट्ट होतं, वाइनचंही तसंच असणार. शिवाय नातीच्या दर वाढदिवसाला सर्व्हिसिंग. बूच काढायचं, आत हवा खेळू द्यायची, वास घ्यायचा, बूच पुसून परत ठोकायचं. एकही वर्ष चुकलं नाही. वास दरवर्षी चढतोच आहे. हल्ली तर डोळ्यांत पाणी येतं. याला म्हणतात मुरणं.

चव घेतलेली नाही. मी चहा पिणारा माणूस.

९ मे
रोज लिहिणं जमलं नाही. पाठ धरली होती.
संकल्प: मशीनचं पितळ उघडं पाडायचं. सगळ्यांसमोर, पण आवाज न चढवता.

१० मे, संध्याकाळ
आवाज थोडा चढला. पण जिंकलो. दुकानातली साधी वाइन, अर्धी मशीनवरची, अर्धी तशीच. सगळ्यांच्या डोळ्यांना टॉवेल. जावयाने पुन्हा पुन्हा चाखून चुकीचाच पेला उचलला. नात म्हणाली, दोन्ही सारखेच आहेत. ही म्हणाली, दोन्ही खोकल्याच्या औषधासारखे, आणि वर एवढे पेले घासायला. जावई म्हणाला, अण्णा, सेटिंग चुकलं असेल. मी म्हणालो, मशीनचं नाही, डोक्याचं चुकलंय. तो मशीन गुंडाळून घेऊन गेला. जाताना मुलगी माझ्याशी बोलली नाही. दमली असेल.

११ मे
नातीचा फोन. आजोबा, बाबांना इतकं लावून बोलायला नको होतं, म्हणाली. ते मशीन त्यांनी तुमच्यासाठीच आणलं होतं. म्हणत होते, अण्णांची बाटली बिघडलेली निघाली तर चार लोकांत फजिती नको, आयत्या वेळी दुसरी तरी तयार असावी.
बिघडलेली. मला हसू आलं. बराच वेळ हसलो. मग पाणी प्यायलो.

१७ मे
खात्री आहेच. तरी खात्री करून घ्यावी म्हणून, ही बाजारात गेल्यावर, चमचाभर घेतली. जरा आंबट. जरा नाही. घसाच धरला. खरी जुनी वाइन अशीच लागत असणार, नवख्याला काय कळणार.

ही आल्यावर तिलाही चमचाभर दिली. तिने काकडी चिरली, लिंबाऐवजी बाटलीतले चार थेंब त्यावर टाकले आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

काकडी उत्तम लागली.

१८ मे
नातीच्या सासऱ्यांचा फोन. वाइनसाठी स्वतःचे खास पेले घेऊन येणार आहेत. नात म्हणते, पहिला घोट आजोबांच्याच हातून. ही म्हणते, आता तरी खरं सांगून टाका. मी म्हणालो, एवढी घाई काय आहे.

१९ मे, दुपार
जावयाला निरोप धाडायचाय. मजकूर आधी इथे लिहून बघतो.

चि. जावईबापूंना आशीर्वाद. त्या दिवशी टॉवेल मीच फार घट्ट बांधला होता, म्हणून तुमचा अंदाज चुकला. मशीन चांगलं आहे. सहज एक शंका. ते उलटं चालवता येतं का? पंचवीसेक वर्षं मागे न्यायची आहेत. आठ मिनिटांना आठ, म्हणजे अर्ध्या तासाचंही काम नाही. लग्न उद्या आहे. लवकर कळवा.