घरचोळ्याचा बारावा चौकोन

बाळकुम, ठाणे
मंगळवार

प्रिय क्षिप्रा,

परवा फोनवर तू हट्टच धरलास, की लग्नात आसावरीमावशीचा घरचोळाच नेसणार. मी मध्येच फोन ठेवला. रागावलीस ना? तुझी आई म्हणते, नीलाताई म्हातारपणी चिक्कू झाली. म्हणू दे. तिला काय ठाऊक! ती तेव्हा परकर-पोलक्यात होती.

आसावरीचं कल्याणच्या गुजराती घरात ठरलं तेव्हा तुझ्या आजोबांनी केवढी आदळआपट केली होती! पण तिच्या होणाऱ्या सासूबाई स्वतः डोंबिवलीला आल्या आणि तिच्या ओटीत घरचोळा, म्हणजे त्यांच्याकडची नवरीची साडी, घातला. हातमागावरचा, लालभडक, जरीच्या रेघांनी पाडलेले बारा चौकोन. प्रत्येक चौकोनात बांधणीच्या बारीक गाठी, रंगवताना दोऱ्याने आवळलेल्या, तशाच ठेवलेल्या. नवरीने लग्नाच्या सकाळी कापड ताणून त्या स्वतःच्या हाताने सोडवायच्या, तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची रीत.

लग्नाला आठवडा होता. दुपारी घरात कुणी नाही बघून मी एक चौकोन ताणला. फोडणीत मोहरी तडतडावी तशा गाठी सुटल्या. पदर डोक्यावर घेतला, आरशात बघितलं. अगं, मला तिचा होणारा नवरा आवडायचा. आज पहिल्यांदा लिहितेय हे. आरशात माझ्यामागे आसावरी उभी होती. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती गेली. घरचोळा सासूबाईंनी परत घेतला नाही. तो माझ्याकडेच राहिला, अकरा चौकोन बांधलेलेच.

हसू नकोस हं. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय मी, भुताखेतांना थारा देणारी बाई नाही. पण तुझं लग्न ठरल्यापासून, एक दिवसाआड, भर दुपारी दोनच्या सुमारास, एकविसाव्या मजल्यावरच्या माझ्या कुलूपबंद कपाटातून तडतड ऐकू येते. किल्ली माझ्या कमरेला. उघडलं की एक चौकोन मोकळा झालेला, आणि शेजारी दोऱ्याचं छोटंसं वेटोळं. आसावरी उरलेला दोरा असाच बोटाभोवती गुंडाळून ठेवायची. परवा अकरावा सुटला, आता एकच बांधलेला उरलाय.

मला वाटलं, ही पोरीवर टपली. जीव नुसता टांगणीला लागला होता. आज सकाळी कपाट उघडलं तर घरचोळ्याला निऱ्या घातलेल्या, वर पिना टाचलेल्या. अंगाला लावून बघितला. बरोब्बर माझ्या उंचीचा. तू माझ्याहून वीतभर उंच आहेस, राणी. तुझा संबंधच नाही यात. तू छानशी नवी साडी घे, थाटात लग्न कर, आणि मांडवात माझी वाट बघू नकोस. अडतीस वर्षं मी तिची माफी मागितलेली नाही. बारावा चौकोन तिने माझ्यासाठी ठेवलाय, तो मी तिच्यासमोर सोडवणार आहे. दोन वाजत आलेत. कपाटातून आज अजून काहीच आवाज नाही.

तुझीच,
नीलामावशी