फरच्या झाडाचं गाणं

तिर्गू जिऊ, ४ सप्टेंबर १९७८

ती. इलिंकाअक्कास,
सा. न. वि. वि.

सरकारी महोत्सवात तुमच्या वालेनी गावच्या बायकांनी फरच्या झाडाचं गाणं म्हणावं, असा वरून हुकूम आहे. लग्नाआधी गेलेल्याच्या थडग्याशी फर रोवताना म्हणायचं ते गाणं आहे, हे मी दिग्दर्शक कॉम्रेडना समजावलं. ते म्हणाले, चाल गोड आहे, मेलेल्याच्या नावाजागी ‘मातृभूमी’ घाला. वर बायकांना लाल रुमाल. विलापाला लाल रुमाल, अक्का. मी हरकत घेतली तर विचारतात, पेत्राके, तू रेडिओ दुरुस्त करणारा, तुला लोकसंस्कृतीची पदवी कुणी दिली?

नाही म्हटलं तर माझ्या संग्रहालयाची खोली जाईल. वीस वर्षं गावोगाव जमवलेली गाणी, जुन्या वस्तू, सगळं रस्त्यावर. बायकांची समजूत घाल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा पेत्राके

वालेनी, १० सप्टेंबर

चि. पेत्राकेस अनेक आशीर्वाद.

शहाणा आहेस. मेलेलं कुणी नसताना हे गाणं म्हटलं तर ते घरात मरण बोलावतं, हे तूच आमच्याकडून लिहून घेतलंस ना? खोली तुझी आणि मरण आमचं होय?

विहिरीवर बायकांनी तुला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या. मग म्हातारी साफ्ता म्हणाली, ज्याच्यासाठी फर तोडलाच नाही असा एक आहे आपल्या गावचा. सगळ्यांनी घागरी उचलल्या. त्या येतील. मीही येईन, पण गाणार नाही. कारण विचारू नकोस, तुला नियम पाठ आहेत.

जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहे.

इलिंका

तिर्गू जिऊ, २ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न.

तू मुख्य गायिका, तरी तोंड मिटून का उभी, असं दिग्दर्शकांनी विचारलं. तिचा घसा बसलाय म्हणालो. तपशिलात कधी खोटं न बोललेला मी. सख्ख्या रक्ताच्या माणसानं हे गाणं म्हणायचं नसतं, आईनं तर नाहीच, हे कुणाला सांगू?

‘मातृभूमी’च्या जागी बायकांनी सावूचं नाव घेतलं. लग्नाआधीच कालव्याच्या सक्तमजुरीवर नेलेला तुझा लेक सावू. ना प्रेत आलं, ना कागद. पुढच्या रांगेतले साहेब ताल धरत होते. सावू कोण, असं त्यांनी विचारलं, तर जुन्या गाण्यातलं नाव आहे म्हणालो. पहिलं बक्षीस मिळालं, ‘शेतकऱ्यांचं आनंदगीत’ म्हणून. खोली राहिली, पण दारावर आता याच नावाची पाटी लावायची आहे. अजून ती भिंतीला टेकवून ठेवली आहे.

रंगमंच झाडताना गाण्यासाठी तिथे उभं केलेलं फरचं झाड फेकणार होते. मी उचलून आणलं. आता साहेब ते बक्षिसाची खूण म्हणून संग्रहात ठेवायला सांगतात, मी ठेवणार नाही. रविवारी घेऊन येतो. थडगं नाही, तर कुठे रोवायचं ते तू ठरव.

ओरडायचं ते तेव्हा ओरड, माया आहे तेवढी असू दे.

पेत्राके