वाणात गेलेले कंद

१९ जानेवारी
आज एकदाचा निशिगंधाचा वाफा खणला. चार वर्षं हात लावला नव्हता. कंदावर कंद चढून बसलेले, मागच्या पावसाळ्यात इनमीन सहा दांडे आले. गठ्ठे हातानेच फोडले. फुलून गेलेला मधला कंद फेकायचा, भोवतीची पिल्लं ठेवायची. काळी माती नखांतून निघेना. कंबर गेली.

भिंतीकडचे सिंगल, रत्नाचे. माझी धाकटी जाऊ होऊन आली तेव्हा तेल्हाऱ्याहून बापाच्या मळ्यातले कंद पिशवीत घालून आली होती. पुढे दिरांबरोबर अकोल्याला गेली, कंद इथेच राहिले. फाटकाकडचे डबल, मी नर्सरीतून आणलेले. दिसायला भरगच्च, वास बेताचा. दोन टोपल्या भरून वऱ्हांड्यात ठेवल्या, भिंतीकडे सिंगल, फाटकाकडे डबल. हे म्हणाले, "चिठ्ठी लावून ठेव, दोनी सारखेच दिसून राहिले." इतक्या वर्षांत मला माझे कंद कळत नाहीत का? नाही लावली.

२३ जाने.
हळदीकुंकू २ तारखेला. वाण काय लुटायचं? मागच्या वर्षी दिलेला प्लास्टिकचा डबा फिरून फिरून परवा माझ्याच ओटीत आला. यंदा डबलचे कंद द्यायचे. तीन-तीन, कागदाच्या पुडीत. हे: "बाया म्हणतीन, कांदे वाटून राहिली." म्हणू देत.

२ फेब्रु.
एकोणीस बायका. काल ह्यांनी सतरंज्यांसाठी वऱ्हांडा झाडून दिला, मग मी रात्रीच्या स्वयंपाकाआधी बसून पुड्या बांधल्या. टोपली पुरली बरोबर. समोरच्या लताताईंनी तर पुडी डोळ्यांना लावली. पाय दुखताहेत, पण खूश आहे मी.

५ फेब्रु.
रत्नाचा फोन. तिच्या भावांनी मळा विकला. निशिगंधाच्या ओळींवर ट्रॅक्टर फिरला. इथले कंद खणल्याचं मी तिला आधीच कळवलं होतं. "आता बाबाचं जे काही हाय ते तुमच्यापाशीच हाय, बाई. मायी टोपली जपून ठेवजा. होळीच्या आधी येऊन नेईन."

फोन ठेवला नि उरलेल्या टोपलीत हात घातला. एका गठ्ठ्याला चिकटून नर्सरीच्या काळ्या पिशवीचा तुकडा. म्हणजे उरले ते डबल. ह्यांना विचारलं, वऱ्हांडा झाडल्यावर टोपल्या जागच्या जागी ठेवल्या होत्या ना?
"ठेवल्या होत्या ना. इकडची तिकडं झाली असन."
असन!
सिंगल गेले वाणात. सगळे. माझ्या हातानं, हळदीकुंकू लावून.

७ फेब्रु.
लताताईंकडे गेले होते. मागायलाच. पुडी त्यांच्या देवघरात ठेवलेली. "पुनवेले लावीन म्हणतो, चांगला दिवस हाय." चहा पिऊन परत आले. लुटलेलं वाण परत मागणारी बाई मी अजून पाहिली नाही. घरी येऊन ह्यांच्यावर उगाच खेकसले. उगाच नाही खरं तर.

९ मार्च
रत्ना आली. इथे तरी खरं लिहिते : तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. कंद काय, सारखेच. पावसाळ्यापर्यंत कळायचं नाही. कळलं तरी अकोल्याच्या मातीवर ढकलता आलं असतं.

उरलेली डबलचीच टोपली काढून दिली. तिनं एक कंद पदरानं पुसला आणि पर्समध्ये वेगळा ठेवला. मग नाही राहवलं. सांगून टाकलं.
"तुमाले एक चिठ्ठी लावाले काय झालतं, बाई?"
एवढंच. आवाजही चढवला नाही. पर्समधला कंद काढून टोपलीत ठेवला. ताट वाढलं होतं, तसंच राहिलं. तीनच्या गाडीनं गेली. माझी मान खाली गेली ती गेलीच.

३० मार्च, पाडवा
पाडव्याला रत्नाचा फोन येतोच. नाही आला. मी केला तर दिरांनी उचलला, "बाहेर गेली" म्हणाले. मागून तिचा आवाज येत होता.
डबल लावून टाकले. राग येतो त्यांच्याकडे पाहून. त्यांचा काय दोष म्हणा.

१७ ऑगस्ट
रोज संध्याकाळी कॉलनीत चक्कर. एकेका फाटकावरून डोकावते. हे: "एखाद्या दिवशी कुत्रं धरन तुले." धरू दे.
हिशेब : आठ घरी लावले. पैकी तिघींचे पाण्यानं सडले, चौघींकडे नुसती पात. बाकीच्यांत एकीनं बहिणीला पुण्याला पाठवले, एकीला पुडी कुठे ठेवली तेच आठवत नाही, पुढचं विचारवलं नाही. एकट्या लताताईंच्या कुंडीत दांडा आहे. कळ्यांची टोकं हिरवट. डबलची गुलाबी असतात.
तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

२४ ऑगस्ट
लताताई स्वतःच आल्या. पहिला दांडा कापून, माझ्या देवासाठी. खालची दोन फुलं उमललेली. घर भरलं वासानं. मला रडूच फुटलं त्यांच्यासमोर. सगळं सांगितलं.
"मंग तवाच काहून नाई सांगतलं? वाण मागू नाई, हे खरं. पण मले त देता येते ना!"
संक्रांतीला त्यांचं हळदीकुंकू. रत्नाला बोलवायचं, आणि कुंडीतले सगळे कंद तिच्या ओटीत वाण म्हणून घालायचे. सात महिने मी कुढतेय, हे एवढं सुचलं नाही मला.
दांडा देवाला दाखवला आणि ओल्या पेपरात गुंडाळून ह्यांच्या हातात दिला. दुपारच्या गाडीनं अकोल्याला गेले. कुरकुर न करता.

२६ ऑगस्ट
काल सकाळपासून झड लागली आहे. थांबायचं नाव नाही.
चारला फोन. रत्नाचा. "बाई, हा बाबाचाच हाय." मी संक्रांतीचं विचारलं. "लय दूर हाय सक्रांत. पाहू." बरं म्हटलं. ठेवता ठेवता म्हणाली, "त्या ताईले सांगजा, कुंडीत पाणी साचू देऊ नोका म्हणा. सडते."

छत्री घेऊन तशीच गेले. फाटकाला कुलूप. शेजारीण म्हणाली, लताताई मोझरीला गेल्या, परवा येतील. कुंडी बरोबर छपराच्या धारेखाली, काठोकाठ भरलेली. गजांतून हात घालून पाहिला. वीतभर कमी पडतो.
ह्यांना स्टूल आणायला सांगितलंय. फाटक मी चढते.