गोड विहिरीचं पाणी

चलथाणच्या वाटेवरून,
३ मार्च

चि. शैला,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं तू घाईत गिळतेस, म्हणून पत्र.

तुझ्या भावोजींच्या वर्षश्राद्धाला उसाच्या रस्त्यावर पाणपोई घातली. पाटीवर त्यांचं नाव आहे. पाणी मुद्दाम राघोच्या शेतातल्या जुन्या विहिरीचं आणते, फार गोड आहे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो. मला एकटीला तो चालतो, पण पुण्यकर्माच्या पाण्याला कसा चालेल?

चार दिवसांपासून मात्र काही कळेनासं झालंय. ऊसतोडीच्या झोपड्यांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आपल्या शिरपूरकडची सुषमा, मला मावशी म्हणते ती, तिला काल दवाखान्यात नेलं. डोळे पार खोल गेले होते. कोणी म्हणतं हळदीचं जेवण बाधलं, कोणी म्हणतं ऊन, कोणी कालव्याचं पाणी. मी सगळ्यांना सांगितलं, कालव्याचं पिऊ नका, माझ्याकडे या.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र तेवढं लवकर लिही.
तुझी ताई,
मंगला

पर्वत पाटिया, सुरत,
७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता माझी डाळ करपली. आमचा कुंदन म्हणतो, असली साथ पाण्यातूनच पसरते, मावशीला पाणपोई तपासून घ्यायला सांग. मी त्याला सुनावलं की ताई दिवसभर त्या माठांशेजारी बसते, तिला साधा करपट ढेकर आला नाही, मग पाणी वाईट कसं?

सुषमाचं पाणी मात्र कोणाला तोडू देऊ नकोस. जुलाबात पाणी बंद करायची आपल्याकडची खोड वाईट. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं.

तुझ्या लोभावर माझा हक्कच आहे, तो बजावून सांगते, तब्येत सांभाळ.
तुझी,
शैलजा

चलथाणच्या वाटेवरून,
१२ मार्च

चि. शैला,
आशीर्वाद. कॉलरा आहे म्हणे. आरोग्याची माणसं आली होती, तीही चक्रावली. कालव्याकाठी गढूळ पाणी पिणारे धडधाकट, आणि या रस्त्याने जाणारे आडवे. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, माठात पाणी कुठलं? मला राग आला. तुझंच वाक्य तिला ऐकवलं की मी दिवसभर इथे बसते, मला काय झालं? तिने विचारलं, तुम्ही यातलं पिता का?

शैला, तिला खरं ते सांगावं लागलं. मी घरून नळाची बाटली आणते. गोड पाणी लोकांसाठी, म्हणून मी त्यातला घोटही कधी घेतला नाही.

विहिरीला कठडा नाही. वरच्या बांधावर माणसं परसाकडे जातात. मागे अवकाळी पाऊस झाला, ते सगळं विहिरीत उतरलं असणार. हे मला दिसत होतं, पण गोड ते चांगलं, एवढंच डोक्यात. पुण्य करता करता मी काय करून बसले? सुषमा अजून सलाइनवर आहे. ती वाचली नाही तर? माठ पालथे घातले. पाटीवरचं ह्यांचं नाव पुसलं. बोल लागायचा तर मला लागू दे.

आज लोभाचं काही लिहवत नाही.
मंगला

चलथाणच्या वाटेवरून,
२४ मार्च

चि. शैला,
आशीर्वाद. माठ पालथे घालून कोणाची तहान भागत नाही, असं तू लिहिलंस, म्हणून परत भरले. आता नळाचं पाणी आहे. लांब दांड्याच्या ओगराळ्याने मीच वाढते, कोणाला हात बुडवू देत नाही. वासाने लोक तोंड वाकडं करतात, काही तर थुंकून कालव्याकडे वळतात. म्हणून त्यांच्यासमोर आधी मी पिते.

परवा सुषमा आली. काडीसारखी झालीय पोर. मला तिच्याकडे बघवेना. तिला सगळं सांगितलं की बाई, तुला माझ्याच पाण्याने आडवं केलं. तिला कळलं की नाही, मला कळलं नाही. तिने नेहमीसारखी ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, मावशी, तहान लागलीय. आधी मी घोट घेतला, मग तिच्या ओंजळीत ओतलं. प्यायली, नाक मुरडलं, आणि परत ओंजळ धरली.

पाटी अजून कोरीच आहे. ह्यांचं नाव लिहायला हात होत नाही. मागे मीच लोभ पुरे म्हणाले होते, आता तो मागून घेते.
तुझी ताई,
मंगला