एकोणतीस वर्षं नॉर्मल

काळेवाडी, पिंपरी
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. आम्रपाली हीस,
मामाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या मामाला एका माणसावर सूड उगवायचा आहे आणि त्यासाठी थोडं जीवशास्त्र लागणार आहे. घाबरू नकोस, विष मागत नाही.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर मला हल्ली पलीकडे कुणीतरी आहे एवढंच कळतं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर माझा मोबाइल प्रज्वलच बघतो, आणि त्याला एवढ्यात काही कळू द्यायचं नाही. आज गुरुवार, भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी. तुझी मामी बहिणीकडे पिंपळे सौदागरला गेली आहे. म्हणून वही फाडून बसलो.

झालं असं. शॉपमधला भोंगा मला ऐकू आला नाही ही गोष्ट वरपर्यंत गेली, आणि गेल्या सोमवारी कंपनीच्या दवाखान्यात मला बोलावलं. आमचे डॉक्टर, नानासाहेब, शेजारच्या मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये होते, मी बाहेर बाकावर. दार बंद, म्हणून ते बिनधास्त बोलत होते. आता प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घण पडतात, तिथे कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नाही. आम्ही सगळे एकमेकांचे ओठ वाचतो. काच मला आडवी येत नाही, हे त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं.

मॅनेजरने विचारलं, याचे कान कंपनीत गेले असं कुणी म्हणालं तर काय करायचं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचा दोष आहे असं लिहून टाकतो. आईकडून आला असेल, या लोकांच्या घरात असतंच असलं काहीतरी. आणि हसले.

आम्रपाली, तुझी आजी सोजरबाई दोन गल्ल्या पलीकडे भांडं पडलं तरी कुणाच्या घरातलं ते सांगायची.

कागद हातात आला तो तसाच: श्रवणदोष जन्मजात व आनुवंशिक. मला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. तेही सोसलं असतं. पण प्रज्वल आमच्याच कंपनीच्या चाकण प्लांटमध्ये दोन वर्षं ट्रेनी आहे आणि या महिन्यात पर्मनंट व्हायचा होता. त्याची फाइल थांबली. एचआरच्या वर्षाली मॅडम त्याला म्हणाल्या की वडिलांचा दोष मुलात उतरतो, मेडिकलवाले थांबा म्हणतायत. पोरगं घरी आलं ते माझ्याकडे न बघताच आत गेलं.

तर मला सांग, कानाच्या आत काय असतं आणि हा माणूस खोटारडा कसा ठरवायचा. ती ओळ त्याने स्वतःच्या पेनाने, सगळ्यांसमोर खोडायची. एवढाच माझा सूड.

मामावर माया आहे तशीच ठेव आणि उत्तर पोस्टानेच धाड.

तुझा,
बुद्धरत्न मामा

*

उदगीर
१५ जानेवारी २०२५

ती. बुद्धरत्न मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्र स्टाफरूममध्ये वाचलं. हातातली उत्तरपत्रिका मुठीत कधी चुरगळली ते कळलंच नाही. ज्याची होती त्या पोराला भरपाई म्हणून दोन गुण वाढवून दिले.

आता धडा ऐका, म्हणजे वाचा. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. तुमच्या भोसरीतलं वर्कशॉपच म्हणा. आपल्या फार फार जुन्या पूर्वजांत यातली पहिली दोन हाडं जबड्यात होती. कोट्यवधी वर्षांत ती सरकत सरकत कानात आली. त्यांच्या पुढे गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार पेशी, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुपका. आवाजाने ते केस डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. प्रेससारखा आवाज रोज आठ तास आदळत राहिला की केस मोडतात आणि पेशी मरते. कातडीची पेशी मेली तर नवी येते. ही येत नाही. कोंबडीच्या कानात नवी येते, मामा, माणसाच्या कानात नाही.

आता प्रज्वलचं. मुलाकडे जातं ते आईबापाच्या बीजपेशींतून. तुमच्या कानात जे मोडलं ते कानातच राहिलं, ते त्याच्यात उतरायला वाटच नाही. पुरावा तुमच्या डाव्या हाताला आहे. अठ्ठ्याण्णव साली प्रेसने तुमच्या करंगळीचं टोक नेलं, आणि दोन वर्षांनी प्रज्वल दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन आला. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, तुमचं नाव न घेता.

तुम्ही एक करा. सरकारी हॉस्पिटलात बंद खोलीत, हेडफोन लावून कान तपासून घ्या आणि आलेख मागून घ्या. आवाजाने गेलेल्या कानाची खूण त्यात बहुतेक वेळा दिसते. आणि मला एक कळत नाही. दर मार्चला कंपनीत तुमचे कान तपासतात ना? मग डॉक्टरने इतकी वर्षं काय लिहिलं?

तुमचा सूड मला फार मवाळ वाटतो. ओळ खोडून माझं पोट भरणार नाही. आजीचं नाव त्याने तोंडात घेतलं, त्याचं तोंड काळं झालेलं मला बघायचं आहे.

मामींना जय भीम. लोभ असू द्या, आणि राग एकट्याने गिळू नका, निम्मा माझ्याकडे पाठवा.

तुमची,
आम्रपाली

*

काळेवाडी
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हणजे पूर्वजांच्या जबड्यातली हाडं कानात आली, आणि मी ऐकायचं काम पुन्हा जबड्यावर नेलं, तेही दुसऱ्याच्या! कोंबडीचं वाचल्यापासून मात्र मामीने रविवारचं मटण बंद करून कोंबडी सुरू केली आहे. तिला वाटतं खाऊन काही फरक पडेल.

तिला सांगावंच लागलं. हॉस्पिटलात तीच बरोबर आली. आलेखात दोन्ही कानांना एकाच जागी खोल खड्डा आहे. मी काही न सांगताच तपासणाऱ्या बाईंनी विचारलं की काका, प्रेसवर होता का. वीस वर्षं तुझी मामी भांडतेय की स्वयंपाकघरातून हाक मारली तर मी माजाने ओ देत नाही. तो कागद तिने बराच वेळ हातात धरला. मग उठून माझ्यासमोर येऊन बसली आणि मगच बोलली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते लिहायला मला दहा दिवस लागले. डॉक्टरने एकोणतीस वर्षं माझ्या कार्डावर नॉर्मल लिहिलंय, आणि ते मीच लिहवून घेतलंय.

तपासणी अशी असते. तपासायचं मशीन कपाटात, कव्हर घातलेलं. डॉक्टर समोर बसून हळू आवाजात पाच आकडे बोलतात, आपण ते परत म्हणायचे. मला पंधरा-सोळा वर्षांपासून ते आकडे ऐकू येत नाहीत. मी ओठांवरून सांगतो. पाच म्हणताना ओठ मिटून उघडतात. दोनला गोल होतात. सात आणि आठ सारखेच दिसतात, तिथे दात बघायचे. आम्हाला वाटायचं ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत पास व्हायचं असतं. नापास झाला तर प्रेसवरून काढतील, ओव्हरटाइम जाईल. नव्या पोरांनाही मीच शिकवलं. विक्की म्हणून सव्वीस वर्षांचा आहे, सहा वर्षांपूर्वी लागला, त्याला तर डबा खाताना रोज आकडे म्हणायला लावायचो. मोठा मास्तर झालो होतो!

उद्या डॉक्टर म्हणेल, यानेच मला फसवलं. कसं तोंड देऊ? सूड घ्यायला निघालो आणि रस्त्यात मीच मला भेटलो.

काही सुचलं तर लिही. नाही सुचलं तरी लिही, पत्र आलं की बरं वाटतं.

तुझा,
मामा

*

उदगीर
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आधी ते डोक्यातून काढा. कान तपासताना तोंड झाकायचं असतं हे अकरावीच्या पोराला कळतं. डॉक्टरला कळत नव्हतं असं नाही, त्याला बघायचंच नव्हतं. तुम्ही पोटासाठी लपवलं. त्याने कशासाठी लपवलं ते त्याला सांगू दे.

आणि जाळ्यात तोच अडकलाय. एकोणतीस वेळा नॉर्मल आणि तिसाव्या वेळी जन्मजात, दोन्ही त्याचीच अक्षरं. दोन्ही खरी असू शकत नाहीत. सरकारच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला द्यायचा अर्ज सोबत पाठवते. कार्डांच्या आणि आलेखाच्या झेरॉक्स जोडा, सही करा. मार्चची तपासणी त्यांनी समोर उभं राहून बघावी एवढंच मागितलं आहे.

तो म्हणणारच की तुम्ही फसवलंत. एक माणूस फसवेल, अख्खं प्रेस शॉप नाही. पण हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. शॉपमधल्या लोकांना विचारा, आणि काय काय होऊ शकतं ते सगळं सांगून विचारा. कुणी नाही म्हणालं तर त्याला पुन्हा विचारू नका. माझ्या रागापायी कुणाची नोकरी जायला नको.

प्रज्वललाही आता सांगा. तो तुमच्यावर नाही, कशावर चिडायचं ते न कळल्यामुळे चिडला आहे. त्याला योग्य पत्ता द्या.

लोभ वाढवा, चष्मा पुसून ठेवा. मार्चमध्ये एकही ओठ सुटता कामा नये.

तुमची,
आम्रपाली

*

काळेवाडी
गुरुवार, १३ मार्च २०२५

चि. आम्रपालीस,
जय भीम आणि भरभरून आशीर्वाद.

सोमवारी झालं. क्रमाने लिहितो, मध्येच उठून मामीला वाचून दाखवायला मी पळू नये म्हणून प्रज्वल समोर बसला आहे.

महिनाभर मी एकेकाच्या खोलीवर गेलो. काहींनी दार लावून घेतलं, त्यांना पुन्हा विचारलं नाही. चौतीस जण तयार झाले. ठरलं एवढंच की तपासणीच्या वेळी डोळे मिटायचे आणि खोटं बोलायचं नाही. आकडा ऐकू आला तर सांगायचा. विक्की म्हणाला, मामा, मला तर चांगलं ऐकू येतं, पण तुमच्यासाठी बसतो.

इन्स्पेक्टर बाई आल्या. डॉक्टर म्हणाले, मशीन जरा नादुरुस्त आहे. बाई म्हणाल्या, मग दरवर्षी करता तशीच करून दाखवा. ते खुशीत आले, कारण आम्ही दरवर्षी पास होतो ना. पहिला खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. डॉक्टरांनी खांदा हलवून उघडायला लावले. तो म्हणाला, साहेब, तपासायचेत ते कानच ना? पुन्हा मिटले. पाच आकडे झाले, हा गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याने एक आकडा सांगितला, तोही चुकीचा. दहाव्याला डॉक्टर ओरडायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना आवाज पहिल्यासारखाच ठेवायला सांगितलं. मी मागे उभा राहून त्यांच्या कपाळावरचा घाम मोजत होतो. खोटं कशाला सांगू, फार सुख झालं.

मग विक्की बसला. डोळे मिटून गालात हसत होता. डॉक्टरांनी आकडे म्हटले. मी ओठांवरून वाचले: तीन, आठ, पाच, एक, नऊ. विक्की तसाच हसत बसून राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, सुरू करा की साहेब.

सगळ्या शॉपला कळून चुकलं. हे मला ऐकावं लागलं नाही, चेहऱ्यांवर दिसलं. विक्कीने डोळे उघडले आणि आमच्याकडे बघितलं. त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.

चौतीसपैकी एकवीस जणांना पाचातला एकही आकडा आला नाही. बाईंनी माझी एकोणतीस कार्डं आणि तो कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवला आणि विचारलं की यातलं खरं कुठलं. डॉक्टरने जन्मजात व आनुवंशिक खोडलं, शेजारी सही केली. मशीन दुसऱ्या दिवशी दुरुस्त निघालं. प्रज्वलचे कान बंद खोलीत तपासले, दोन्ही लख्ख आहेत, सोजरबाईचेच. काल त्याचं पर्मनंटचं पत्र आलं. डॉक्टरची चौकशी लागली आहे, म्हणजे तुझंही पोट भरेल.

एक राहिलं. सोमवारी निघताना मी पाण्याच्या टाकीपाशी होतो. डॉक्टर नानासाहेब एकटेच आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. हात जोडले. पहिल्या अक्षरासाठी त्यांचे ओठ मिटले, आणि मला कळलं पुढे माफीच येणार आहे. इतकी वर्षं बघत आलो, तो चेहरा मला पाठ आहे. माझ्यापुरतं असतं तर कदाचित बघितलंही असतं. पण त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, विक्की स्वतःच्या कानाजवळ चुटकी वाजवून बघत होता. एकदा या कानाला, एकदा त्या.

मी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं.

सुट्टीत ये. माया असू दे, आणि आलीस की समोर बसून बोल.

तुझा,
बुद्धरत्न मामा